ताडाखालची ओळ

आमच्या ह्यांना निवृत्तीनंतर समुद्र हवा होता आणि मला हवा होता ओटा. चाळीस पावलं चाललं की संपणाऱ्या नाशिकच्या फ्लॅटमध्ये दोन्ही नव्हतं. म्हणून डहाणूतल्या जागेची जाहिरात पाहिल्यावर आमचं लग्नानंतर बहुधा दुसऱ्यांदा एकमत झालं, आणि आम्ही जव्हारमार्गे जाणारी सकाळची एसटी पकडली.

घाट उतरताना हवा बदलली. हिवाळा असून डहाणूत घाम आला. स्टँडवर दलाल जिगरभाई गाडी घेऊन उभे होते. माणूस गोड बोलणारा. गावात शिरताना त्यांनी नव्या इमारती बोट करून दाखवल्या. बहुतेक खिडक्या बंद होत्या. "सगळ्या विकल्या गेल्या," ते अभिमानाने म्हणाले. मग राहतं कोण, असं मी विचारलं. "राहायला कोण घेते, बेन? शनिवार-रविवारला येशे."

धाकटी डहाणू हे खाडीवरचं मासेमारांचं गाव. गावाच्या टोकाला नवी कोरी भिंत होती आणि तिच्या लोखंडी फाटकाची किल्ली जिगरभाईंकडे. आत मोकळी जमीन, कडेला एक ताड आणि पलीकडे समुद्र. हे तर तिथेच विरघळले. मी मात्र खाली बघत चालते, ती जुनी खोड आहे. जमिनीवर डबराच्या गोल ठिपक्यांच्या रांगा दिसल्या. कोणीतरी खड्डे खणून मग बुजवलेले. ताडाखालची एकच रांग बुजवलेली नव्हती. तिथल्या प्रत्येक खड्ड्यावर मंगलोरी कौलाचा तुकडा नीट झाकलेला होता.

"झाडं लावली असतील," जिगरभाई म्हणाले.

खारट जमिनीत आणि दोरीने आखल्यासारखी? हे जमिनीची लांबी-रुंदी विचारत होते, तेवढ्यात मी फाटकाबाहेर आले.

भिंतीला लागूनच, रस्त्याच्या कडेला, जुनं जाळं अंथरून एक बाई बोंबील सुकवत बसली होती. ट्रक गेला की ती पदराने धूळ वारायची. नाव मोतीबाय.

"रस्त्यावर का वाळवता?" मी विचारलं.

"मंग कुठं? आमची वलांडी आत हाय," ती भिंतीकडे हनुवटी करून म्हणाली. वलांडी (बोंबील टांगायची बांबूंची मांडणी) दर पावसाळ्याआधी काढतात, नाहीतर बांबू कुजतात. बांबू घराच्या आढ्याला जातात, खड्ड्यांवर कौलं झाकतात म्हणजे गाळ भरत नाही, आणि होड्या पुन्हा समुद्रात गेल्या की ज्याचा खड्डा त्याचाच बांबू. कोणी दुसऱ्याच्या खड्ड्याला हात लावत नाही. सासूच्या सासूपासून असंच चालत आलेलं. गेल्या पावसात जागा नेहमीसारखी मोकळी झाली आणि भिंत आली. कागद कोणाकडेच नव्हता.

"खड्डाच आमचा कागद," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "तुमी आत जाऊन आल्या ना, बाय? ताडाखालची ओळ आमची. दिसली का?"

"तेवढीच आहे. बाकीच्या बुजवल्या."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आमचीच कशी ऱ्हायली?"

मला काय ठाऊक! आम्ही पुढे तलासरीला आणखी स्वस्त घरं बघायला जाणार, हे कळल्यावर तिने घरातून एक गाठोडं आणून माझ्या हातात दिलं. मुलगा दिनेश पूर्वी होडीवर जायचा, आता तिकडे कंपनीत कायम आहे आणि हायवेजवळ खोली घेऊन राहतो. बोंबील त्याला द्यायचे आणि निरोप सांगायचा, की होळी झाली की घर बंद करून मी तुझ्याकडेच येते. "पोचले की फोन करा हां," असं म्हणून तिने माझ्याच मोबाईलवरून स्वतःला मिसकॉल देऊन घेतला.

गाडीत बसताच जिगरभाईंचा चेहरा उतरला. "बेन, आठवडाभर वास नाय जाणार." घोलवडपर्यंत चारही काचा खाली. तिथे वाडीतले पिकलेले चिकू घेतले, ते मऊ आणि इतके गोड होते की हे बोंबलांसकट सगळं विसरले. मला मात्र ते कौलाचे तुकडे आठवत होते.

तलासरीची घरं बघायला दोन मिनिटं पुरली, भिंतींना आत्ताच भेगा होत्या. जिगरभाई तिथूनच परतले, मग आम्ही दिनेशची खोली शोधली. भाताचं खाचर बुजवून त्यावर पत्र्याच्या खोल्यांची रांग काढलेली, आणि जमिनीची मालकीण मागे कुडाच्या घरात. अर्ध्या खोल्यांना कुलूप होतं. "कंपनीत काम असला का भरतात, नसला का जातात," ती म्हणाली. "भात तरी दर साली यायचा."

दिनेश दारातच बसून फावडं धूत होता. भरदुपारी माणूस घरी आणि फावड्याला वाळलेलं सिमेंट. मी गाठोडं दिलं, निरोप सांगितला. त्याने गाठ सोडून वास घेतला.

"तिला येऊ देऊ नका," तो म्हणाला. "कंपनीने कंत्राट बदललं, आमाला घरी बसवलं. वरीस होईल. नाक्यावर उभा ऱ्हातो, मुकादम नेईल तिथे जातो. ही खोली पण सोडायची हाय."

"आईला सांगितलं नाही?"

"कसं सांगू? मुकादमाने नेलं ते आमच्याच गावात. भिंत घालायला, रातच्याला, तोंडाला फडकं बांधून. खड्डे बुजवायचं काम माझ्याकडे दिलं." तो फावडं पुसायला लागला. "सगळ्यांचे बुजवले. शेजारच्या काकीचे पण. आमच्या ओळीवरची कौलं नाय उचलवली. नका सांगू तिला."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार होते?

हायवेच्या बसने चारोटीला आलो, तिथून नाशिकची गाडी मिळाली. ज्यांना घर नकोच आहे त्यांच्यासाठी घरं बांधून होतायत, आणि ती बांधणाऱ्याला पत्र्याची खोली परवडत नाही. आणि मी त्यातच माझा ओटा शोधायला गेले होते! लाज वाटली, संताप आला. ह्यांनी जिगरभाईंना नकार कळवला. "काय हरकत नाय, पुण्याची पार्टी आहे," असं लगेच उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी मोतीबायला फोन केला.

"पोचले का बोंबील?"

"पोचले."

"कामावर हाय ना पोरगा?"

"काम करतोय," मी म्हणाले. खोटं नव्हतं.

"मंग बरं. आता बांबू इकूनच टाकते. आढ्याला ठेवून काय करू?"

"नका विकू," माझ्या तोंडून निघून गेलं.

"का गं बाय?"

ह्यांनी पेपरातून डोकं वर काढलं. मी शब्द दिला होता. पण आढं रिकामं करून, दाराला कुलूप घालून ही बाई त्या पत्र्याच्या खोलीसमोर उभी राहिलेली मला दिसली.

"तुमच्या ओळीवरची कौलं दिनेशने राखली आहेत," मी म्हणाले. "म्हणून ती ओळ राहिली."

"म्हणजे कंपनी नाय, पोरगा भिंतीच्या कामावर होता," मोतीबाय म्हणाली. "त्याला सांगा, घरी ये. बांबू हायत, ओळ पण हाय."