दारातलं वजन

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी नालासोपाऱ्यात, माझ्या गॅस एजन्सीच्या गोदामात भरलेले सिलिंडर उतरवून घेत होतो. "काका, बाबा गेले..." एवढंच त्याची मुलगी बोलली. ट्रक तसाच टाकून मी उमेळ्याला त्याच्या घरी निघालो. या माणसाला एक गोष्ट सांगायची होती आणि ती राहिली, हे वाटेत मनातून जाईना.

आम्ही शाळेपासूनचे दोस्त. तो वजनमापे खात्यात निरीक्षक झाला, मी एजन्सी घेतली. सरकारचा नियम असा, की सिलिंडर पोचवणाऱ्याकडे तपासून शिक्का मारलेला काटा हवा आणि गिऱ्हाइकाने म्हटलं तर दारातच वजन करून द्यायचं. कागदावर सोपं आहे. पण लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर खांद्यावरून सिलिंडर नेणाऱ्या माणसाला आणखी काटा कुठे द्यायचा, म्हणून माझे काटे गोदामातच खुंटीला असायचे. शिक्के मात्र दर वर्षी वेळेवर! त्याचाच मला केवढा तोरा होता.

एका सकाळी वामनने माझा टेम्पो अडवला. मी धावत गेलो, चहा मागवला, म्हटलं, "अरे, आपल्याआपल्यात कसली तपासणी?"

"चहा मागनं. काटा कुठंय?"

"गोदामात आहे की."

"गोदामात कोन गिऱ्हाईक येतंय रे, वजन बघायला?" असं म्हणून त्याने टेम्पोच्या बोनेटवर कागद ठेवून माझ्यावर केस लिहिली. मग शांतपणे चहा प्यायला. मला तो कप त्याच्या हातातून हिसकावून घ्यावासा वाटला.

मी कधीच कमी गॅस दिला नव्हता. पण केस म्हटली की लोकांना तपशील लागत नाही. गिऱ्हाइकं दुसरीकडे जाऊ लागली, एजन्सी राहते की जाते अशी वेळ आली. मी वामनशी बोलणं टाकलं. त्याच्या मुलीच्या लग्नालाही गेलो नाही, याची आज लाज वाटते.

मधे बरेच महिने गेले आणि एक दिवस उमेळ्याला सिलिंडर नेणारा आमचा रमेश म्हणाला, "शेठ, वामनसाहेबांनी एजन्सी बदलली नाही, माहितीये? दर वेळी अंगणात वजन करायला लावतात. शेजाऱ्यांना हाका मारून आकडा दाखवतात. म्हणतात, केस मीच केलेली, आता बरोबर आहे तेही मीच सांगतो."

उमेळ्याची गिऱ्हाइकं परत का येत होती, ते मला तेव्हा कळलं. मी त्याच्याकडे पुन्हा जाऊ लागलो. केळीच्या बागा, गुडघे, नव्या इमारती... सगळं बोललो. आभार मात्र मानले नाहीत. माझी चूक होती, हेही म्हणालो नाही. मानी माणसाला दोन शब्द फार जड जातात.

तो गेल्यानंतर, परवा त्याच्या घरचा सिलिंडर मी स्वतः नेला. वहिनी दारातच म्हणाल्या, "भाऊजी, वजन राहू द्या. तुमच्यावर का विश्वास नाही?"

"विश्वास आहे म्हणूनच करायचं, वहिनी," मी म्हटलं आणि सिलिंडर काट्याला लावला. तो थोडा हलला, थांबला. आकडा समोर होता, पण डोळे इतके भरून आले की मला तो वाचता येईना. तेव्हा वहिनी पुढे झाल्या, वाकून त्यांनी आकडा वाचला, शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.