परवा म्हणजे कधी

"विमानानं गेल्या असत्या तर..." हे वाक्य आता माझ्यासमोर पुन्हा कुणी उच्चारलं, तर हातातला पुठ्ठा त्याच्या डोक्यात घालीन. गेला महिनाभर आमच्या ग्रंथालयात जो तो उठतो आणि हेच ऐकवतो. घोडं कुठं पेंड खात होतं हे एकालाही माहीत नाही, पण शहाणपण मात्र उतू चाललंय.

बोलतात ते आमच्या बाइंडिंगच्या खोलीतल्या बाईंबद्दल. एकोणीस वर्षं त्या पुस्तकं शिवतात आणि समोरच्या टेबलावर मी पुठ्ठे चढवतो. वरच्या मजल्यावरच्या टवाळांनी त्यांना 'पॅसेंजर' नाव ठेवलंय. कारण बाई भावाकडे जातात ते गाडीनं, एकट्या, खिडकीपाशी बसून, एकतीस तास. विमान दोन तासांत पोचतं. भाच्यानं कितीदा तिकीट काढून देऊ केलं, पण बाईंचं उत्तर ठरलेलं: "विमानात माणसाला नेतात. गाडीत माणूस जातो." भीती वगैरे काही नाही. ज्याच्याकडे जायचं त्याचा वाटभर निवांत विचार करायचा, एवढीच त्यांची चैन. यात कुणाच्या बापाचं काय जातं?

हा भाऊ थोरला. आईवडील गेल्यापासून बाईंना नावानं हाक मारणारा तो एकटाच उरला होता. आम्ही बाई म्हणतो, भाचा आत्या म्हणतो, वहिनी वन्सं म्हणते. नेमका त्याच भावाच्या घशाला आजार झाला. स्वरयंत्र काढायचं ठरलं, तारीख तेवढी मिळायची होती. आवाज आधीच इतका बसला होता की फोनवर नुसती खरखर यायची, अगदी जवळ बसलं तरच शब्द कळायचे. बाईंचं एकच म्हणणं होतं. तारीख कळली की आधी जाऊन बसायचं आणि त्याच्या तोंडून आपलं नाव एकदा ऐकून घ्यायचं.

एका सोमवारी सकाळी भाच्याचा मेसेज आला. बाईंचे हात खळीनं बरबटलेले होते, म्हणून नेहमीप्रमाणे फोन मी उचलला. मेसेज असा होता: 'बाबांचं ऑपरेशन परवा. आत्या, तू ये.'

मी मोठ्यानं वाचून दाखवलं, "तुमच्या भावाचं ऑपरेशन परवा आहे. तुम्हाला बोलावलंय."

बाईंनी मनात हिशेब केला. गाडी दुपारी बाराची, पोचते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला. "म्हणजे एक अख्खी संध्याकाळ मिळते की हो!" म्हणाल्या आणि हात धुऊन निघाल्या. उत्तर मीच टाइप केलं: 'गाडीनं निघते. उद्या सातला पोचते.' त्यावर त्या दिवट्यानं काय पाठवावं? अंगठा! एवढा शिकलेला, मोठ्या हुद्द्यावर बसलेला, आणि शेवटी अंगठाबहाद्दरच.

ऑपरेशन शनिवारीच उरकलं होतं. श्वास अडकायला लागला म्हणून डॉक्टरांनी घाईनं घेतलं. भाच्याचा परवा मागचा होता. म्हणजे मेसेज आला तेव्हाच आवाज जाऊन दोन दिवस झाले होते. त्या सोमवारी बाई रॉकेटनं गेल्या असत्या, तरी काय मिळणार होतं? आणि हे लोक विमान विमान करत बसलेत!

आणि तो 'आहे'? तो माझा. मेसेजमध्ये नव्हता, मी पदरचा घातला. परवा म्हणजे मागचा की पुढचा, हे शेंबडं पोरसुद्धा विचारतं. मी विचारलं नाही. माझ्या त्या एका शब्दावर बाई एकतीस तास खिडकीत आनंदात बसून राहिल्या. मला माझ्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्या परत आल्यावर मी हे सांगून टाकलं. त्या बराच वेळ सुईत दोरा ओवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुमचा मला राग आलाय. तो राहणार." राहिलाय, आणि रास्त आहे.

मग दवाखान्यातलं त्यांनीच सांगितलं. भाऊ उशीला टेकून बसला होता, गळ्यात नळी होती. बहिणीला पाहून त्यानं तोंड उघडलं. ओठ तिच्या नावाएवढे हलले आणि नुसती हवा आली. बाईंना कळलं ते तिथं, तसं.

भाचा त्यांना बाहेर घेऊन आला. "आत्या, किती वेळा सांगितलं तुला विमानानं येत जा म्हणून!"

"शनिवारी का नाही कळवलंस?"

"अगं, धावपळ होती. सकाळी ठरलं, संध्याकाळी आत नेलं. आणि कळवून काय उपयोग होता? तू गाडीनंच येणार."

बाई जन्मात कुणावर ओरडल्या नव्हत्या. त्या दिवशी ओरडल्या, सगळा मजला गोळा झाला.

"मला विचारलंस? एकदा तरी विचारलंस? त्या हाकेसाठी मी विमानानं आले असते रे!"