प्रस्थान ठेवलेला तंबू

माझा मेहुणा कॉलेजात फिजिक्स शिकवतो. दक्षिणेकडच्या डोंगरात, धबधब्याजवळ तंबू ठोकून राहायची टूम त्याचीच. पण सुटी नेमकी गुरुवारी आली, आणि गुरुवारी दक्षिणेला निघायचं नसतं. मग त्याने आदल्या संध्याकाळी प्रस्थान ठेवलं. म्हणजे शुभ वेळ साधून सामानातली एक वस्तू शेजारच्या घरी नेऊन ठेवायची; ती निघाली की आपणही निघालो असं धरायचं. बनारसच्या दूधविनायकातली आमची मराठी घरं अजून हे करतात. बाकीचे सुपारी नाहीतर एखादं उपरणं ठेवतात. याने तंबूची पिशवी ठेवली.

सकाळी माझ्या शंभर सीसीच्या मोटारसायकलवर त्याने जे लादलं, ते पाहून गल्लीतल्या सांडानेही वाट सोडली. स्टोव्ह, घडीची खुर्ची, पाण्याचा कॅन, सगळं दोरीने करकचून बांधलेलं. रस्ताभर मागे बसून तो मला वजनाचा तोल कसा साधायचा ते शिकवत होता. चढावर गाडी धापा टाकायला लागली, तेव्हा उतरून चालायला मात्र तयार नव्हता.

धबधब्याशी पोचल्यावर त्याने सगळ्या गाठी सोडल्या, सामान दोनदा उलटंपालटं केलं आणि खुर्चीत बसून राहिला. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा फोन आला. तुमची पिशवी न्यायची राहिली, असं त्या सांगत होत्या.

"पण प्रवास निर्विघ्न झाला ना," तो मला म्हणाला.

झाला खरा. शुभ वेळेवर निघालेला एकटा तंबूच होता, आणि तो शेजारच्या घरापर्यंत पोचला होता.