किसनदादाला मी पोकर शिकवला

ही गोष्ट मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, भावापाशी नाही, आणि जिच्या पोटात काही राहत नाही त्या वहिनीपाशी तर नाहीच. तुम्हाला सांगते. हसलात तरी चालेल — मलाही मधूनमधून हसू येतं, आणि तीच खरी पंचाईत आहे.

पनवेलला माझं चष्म्याचं दुकान आहे. दुपारी गिऱ्हाईक नसतं. मग काय करायचं? मी फोनवर पोकर खेळायचे. पैसे लावून नव्हे, नुसता, आणि कायम एकास एक. वर्षानुवर्षं खेळले. त्यातून एक गोष्ट पक्की शिकले. समोरचा जर प्रत्येक डावात येणारा असेल, पत्ते टाकून न जाणारा, पण स्वतःहून कधीच बोली न वाढवणारा — म्हणजे हात सैल आणि चाल मवाळ — तर त्याच्यापुढे थापा मारायच्या नाहीत. तो आपली पानं बघायला येणारच! आपल्याकडे चांगलं पान येईपर्यंत गप्प बसायचं, आलं की भरपूर लावायचं. तो आपणहून आणून देतो.

पण असा समोरचा मिळावा लागतो. मला मिळाला नाही. मी तो तयार केला.

भावाला मुलगी झाली तेव्हाची गोष्ट. वहिनीचं माहेर उरणजवळ मोऱ्याला, पण बाळंतपण पनवेललाच केलं आणि ती सुकापूरला भावाच्या फ्लॅटवरच राहिली. तिचा थोरला भाऊ किसनदादा मोऱ्याच्या धक्क्यावर लाँचीवर कामाला. बारशासाठी म्हणून तो दोन दिवस आधीच आला, येताना पिशवीभर तिसऱ्या घेऊन. आणि जेवता जेवता लाजत म्हणाला, पोरीचं नाव हौसा ठेवलं तर?

हौसा म्हणजे त्याची आई. वहिनीचीही. वहिनीच्या लग्नानंतर वर्षभरातच गेली बिचारी, नातवंड बघायचं राहून गेलं. हे मला माहीत होतं. नीट ऐका — माहीत होतं. कुणी नंतर सांगितलं, तेव्हा वाईट वाटलं, असलं काही नाही.

पण मी आत्या! नाव ठेवायचा मान माझा. आणि मी ठरवलं होतं — रियांशी. अर्थ? अजूनही ठाऊक नाही. वहिनीने विचारलं तेव्हा 'सूर्याचा किरण' असं ठोकून दिलं. मला हौसा नाव जुनाट वाटलं, झालं. शाळेत पोरं चिडवतील, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर मैत्रिणींना ते नाव सांगताना मलाच लाज वाटली असती.

वहिनी कुणाची बाजू घेणार? एकीकडे भाऊ, एकीकडे नणंद. माझा भाऊ तर पाळण्याला दोरी बांधायचं निमित्त करून सटकलाच. तेव्हा मीच म्हणाले, पत्त्यांवर ठरवू. किसनदादाला रमी तेवढी यायची. मी म्हटलं, पोकर खेळू, मला थोडाथोडा येतो, तुम्हालाही शिकवते.

थोडाथोडा!

तिसऱ्यांच्या रिकाम्या शिंपल्या धुऊन दोघांत सारख्या वाटल्या. ज्याच्याकडे सगळ्या जातील त्याचं नाव. नियम मी सांगितले. हातात दोन पानं, मधे पाच, सगळ्यांत मोठी जुळणी जिंकते. इथपर्यंत सगळं खरं. मग पुढे — कसं सांगू — पुढे मी अगदी सहज म्हणाले, दोघांच्याच खेळात पत्ते टाकून पळणं भित्रेपणाचं दिसतं हं, दादा. आणि समोरच्याने लावलं की त्यावर वाढवणं म्हणजे त्याचा अपमान. आपण फक्त तेवढ्याच लावून पानं बघायची.

त्याने मान डोलावली. पाहुणा म्हणून बहिणीच्या सासरी आलेला माणूस. नणंदेचा अपमान कसा करेल?

मग काय विचारता! मी लावायचे, तो "बघू तरी" म्हणत शिंपल्या सरकवायचा. हातात दुर्री-सत्ती असली तरी बघू तरी. हरला की माझी पानं बघून मनापासून "वा!" म्हणायचा. वहिनी बाळाला मांडीवर घेऊन खिदळत होती. खरंच सांगते, इतकी मजेची दुपार त्या घरात क्वचित झाली असेल.

आणि मग तो डाव आला. दोनचार मोठे डाव त्यालाही लागले होते, त्यामुळे तेव्हा शिंपल्या दोघांकडे सारख्याच होत्या. माझ्याकडे राजा आणि नव्वी, मधेही राजा आणि नव्वी. दोन जोड्या! मी लावत गेले, तो बघत गेला. शेवटी त्याने पानं उलटली तर तीन राण्या. दोन पहिल्यापासून हातात, तिसरी मधे. त्याने एकदा जरी वाढवलं असतं ना, त्या भरात मी होत्या नव्हत्या तेवढ्या शिंपल्या ओतल्या असत्या आणि खेळ तिथेच संपला असता. त्याने वाढवलं नाही, म्हणून माझ्याकडे मूठभर उरल्या.

त्याला काहीतरी वाटलं असावं. राण्यांकडे बघत त्याने विचारलं, "ताई, आता मी वाढवलं असतं तं चाललं असतं का?"

आधीचं सगळं मी खोडी म्हणून सोडून देऊ शकते. हे नाही. त्याने सरळ विचारलं होतं. माझ्या तोंडावर बघून विचारलं होतं.

"नाही, दादा," मी म्हणाले. "वाईट दिसतं ते."

"नाय ना? मग बरोबर," असं म्हणून त्याने पत्ते पिसले.

त्या मूठभर शिंपल्यांवरून मी सगळा डाव फिरवला. बारशाला बाळाच्या कानात रियांशी म्हटलं, बायकांनी कुर्र करत माझ्या पाठीत धपाटे घातले, आणि सगळ्यांत जोरात टाळ्या किसनदादाने वाजवल्या. त्यानंतर त्याने त्या मुलीला लाडानेसुद्धा कधी हौसा म्हटलं नाही. हरलेला डाव हरलेला.

ती आता दुसरीत आहे. मागच्या सुट्टीत आम्ही मोऱ्याला गेलो होतो. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून तिने विचारलं, "मामा, या आजीचं नाव काय होतं?"

"हौसा."

"किती भारी! मला का नाही दिलं?"

किसनदादा हसला. "आमी डाव हरलो ना, बाय. तुझी आत्या लय भारी खेळते."

पोरगी माझ्याकडे अशा कौतुकाने बघायला लागली की काय सांगू. वहिनीने ताटात तळलेली मांदेली वाढली. मी ती खाल्ली, चांगली झालीत म्हटलं, आणि आणखी मागून घेतली.

मी भारी खेळले नव्हते. मी त्याला खोटं शिकवलं, आणि त्याने विचारलं तेव्हा पुन्हा खोटं सांगितलं. ते नाव त्याच्या आईचं होतं आणि मला ते ठाऊक होतं.