ट्रंक कॉलवरचं 'अहो'

मंडळी, आज दुपारपासून माझ्या पोटात दुखून राहिलं, अन् याचं औषध कोणत्याच डाक्टरकडे नाही.

तुम्हाले माहीतच आहे, मी सीताबर्डीच्या हॉटेलात टेलिफोनच्या बोर्डावर बसतो. लढाई सुरू झाल्यापासून मालकाचा हुकूम आहे: गावातले फोन खुशाल जोडा, पण बाहेरगावचा ट्रंक कॉल माझ्या परवानगीशिवाय कोणालेच नाही. पाहुण्यांच्या शिव्या रोज मीच खातो.

आज वरच्या खोलीतला मुंबईचा कापूस-व्यापारी हटूनच बसला. मी नाही म्हटलं, तर त्यानं थेट मालकाले गाठलं. मालक हसत म्हणाले, "दे गा जोडून. नवीन लग्न आहे त्याचं."

लग्न तर माझंही नवीनच आहे! पण बायको नरखेडकडे माहेरी रुसून बसली, अन् तिच्या गावात टेलिफोन कोणी पाहिलासुद्धा नाही.

कॉल लागला. लाइन तुटू नये म्हणून मले ऐकत बसावंच लागते. तिकडून त्याची बायको विचारत होती, "जेवलात का? संत्री फार खाऊ नका, खोकला होईल." अन् हा बाबा नुसता "हं, हं" करून राहिला! मधेच त्यानं फोन ठेवूनही दिला.

तिकडची लाइन सुरूच होती. नवऱ्याचं नाव ती काहून घेईल? म्हणाली, "अहो, ऐकताय ना? लवकर या."

मी म्हटलं, "हो."

मघाशी तो जेवायले खाली आला. तिचा निरोप मी त्याले सांगितला नाही. तुम्ही सांगितला असता का?