माझ्या हातून उडालेला टवका

सुनंदाच्या स्वयंपाकघरात मी एकदा आकाशातून पडलेला दगड फोडला होता.

पुस्तकात त्याला अशनी म्हणतात. कागलकडे तिच्या अक्काच्या उसात तो सापडला. सुनंदा, माझी मैत्रीण, कॉलेजात जिऑलॉजी शिकवायची, म्हणून अक्कानं तिला आणून दिला.

जैनांचं घर. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची.

ताटं मांडायच्या घाईत मी टेबलावरचा दगड उचलला, आणि तो हातातून सुटला.

बोराएवढा टवका उडाला. उघड्या पडलेल्या जागी एक काळी रेघ आत गेलेली दिसली.

अक्का म्हणाली, "आभाळातनं पडला तवा काय न्हाय झालं की गं ह्याला! तुझ्या हातातनं पडला आन् चिरला व्हय?"

सगळे हसले. मीही हसले.

पण नंतर कितीतरी वर्षं त्या घरात गेले की तो दगड ठेवलेल्या शोकेसकडे मी बघायची नाही.

रिटायर झाल्यावर सुनंदानं अर्धा टवका घासून कागदाहून पातळ केला, स्लाइड बनवली, आणि मला मायक्रोस्कोपसमोर बसवलं.

"हे दाणे बघ. मुळात मोहरीसारखे गोल असतात. इथं सगळे एकाच बाजूनं चपटलेत. अंतराळात दुसऱ्या दगडांच्या धडका बसून."

मग तिनं स्लाइड सावकाश फिरवली.

"धडक न बसलेला स्फटिक फिरवला की एकदम काळा होतो. हा धडक बसलेला बघ, एकदम होत नाही."

त्याच्यावरून अंधार सावलीसारखा सरकत गेला.

"आणि ती रेघ?"

"धडकेनं वितळून पुन्हा गोठलेला दगड. पृथ्वीवर यायच्या खूप आधीचा. टवका तुझा. रेघ तुझी नाही."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू कधी विचारलंस? तू तर त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाहीस."

म्हणजे तिला माहीत होतं.

सुनंदा काल सकाळी गेली. आजार लांबला होता. शेवटी त्रास झाला नाही.

दगडाचं काय, असं तिचे विद्यार्थी विचारतायत. तिनं वहीत लिहून ठेवलंय, तसंच इथं देते.

मोठा दगड अक्काला. त्याला पाणी लावू नये, गंज चढतो.

मायक्रोस्कोप आणि स्लाइड कॉलेजच्या लॅबला.

उरलेला टवका माझ्या मैत्रिणीला. तो तिचाच आहे.