दत्तूच्या गाण्यापायी सोडलेलं गाव

पौडाच्या स्टँडवर आम्ही एष्टीत चढलो तेव्हा पोचवायला कोणी आलं नव्हतं. मी, माझी बायको सोना आणि आमचा एकुलता दत्तू. टपावर भांड्यांचं पोतं. दत्तूचा तंबोरा सोनाच्या मांडीवर, गोधडीत गुंडाळलेला. कंडक्टर म्हणाला, "मावशी, कोण आजारी हाय व्हय?" सोना म्हणाली, "न्हाई, शिकाय निघालंय." कंडक्टर हसला. मी हसलो नाही.

कोणी का आलं नाही ते तुम्हा भाऊबंदांना ठाऊक आहे. पण तुमच्या पोरांना तुम्ही वेगळंच सांगितलं असणार, म्हणून लिहितो. मी चार यत्ता शिकलेला माणूस, गोड लिहिता येत नाही.

दत्तू पुण्यात एका गवयाच्या घरी राहून गाणं शिकला, तिथंच बी.ए. झाला. गवई म्हणाला, गुजरातेत विद्यापीठात गाण्याची वरची पदवी मिळते, ती घे. कॉलेजात मास्तर होशील, कोणाच्या दारात गायला उभं राहावं लागणार नाही. शिष्यवृत्ती मिळाली, पण ती खोलीभाड्यातच संपायची. फीसाठी मी जोडीतला एक बैल विकला. बेफिकीर विकला. आपल्याकडं एका बैलाचा माणूस दुसऱ्या एका बैलाच्या माणसाशी वारंगुळा करतो, आज दोन्ही बैल माझ्या खाचरात, उद्या तुझ्या. माझ्या चुलतभावाकडं, थोरल्या अप्पाकडं, त्या साली एकच बैल होता. घरचाच माणूस. मी विचारायच्या आधीच जोडी धरून चाललो होतो.

भातलावणीआधीच्या चिखलणीच्या तोंडाला गेलो, तर अप्पा म्हणाला, "नामा, पोरगं तमाशात घालतुयास, आन् बैल आमचा मागतुस?"

"तमाशा न्हवं अप्पा, विद्यापीठ हाय."

"इद्यापीठात गाणं? मग आमची म्हस बी वरडती चांगली, तिला बी धाड."

ओट्यावरची सगळी हसली. अप्पानं नाही म्हटल्यावर वाडीत दुसऱ्या कोणाची छाती झाली नाही. एका बैलानं चिखलणी होत नाही. रोपं जागच्या जागी पिवळी पडली. दिवाळीच्या सुट्टीत दत्तू आला तेव्हा चहूकडं भात कापायला आलेलं आणि आमच्या खाचरात नुसतं गवत. तो म्हणाला, "आबा, मी शिकणं सोडतो."

सोना चुलीपुढून म्हणाली, "सोडायचंच हाय तर गाव सोडू."

दुसरा बैल विकला आणि निघालो.

दत्तूच्या विद्यापीठाच्या शहरात पोळीत, म्हणजे तिथल्या गल्लीत, एक खोली घेतली. मी कापडगिरणीत हमाली धरली. सोनानं विद्यापीठातल्या आपल्याकडच्या पोरांसाठी खानावळ काढली. वर्षाच्या आत सोनाची सोनाबेन झाली. भाकरी थापणारी बाई फुलका-रोटली करायला लागली, बाजारात "केटला?" असा भाव विचारून भांडायला लागली. मधे मुंबई राज्य फुटलं, गुजरात वेगळा झाला. रात्री आपल्या राज्यात झोपलो, सकाळी परराज्यात उठलो. सोना म्हणाली, "आपलं काय जातंय? आपुन तर कवाच परकं झालोय."

दत्तूच्या शेवटच्या परीक्षेत मंचावर बसून लोकांपुढं गायचं असतं. संध्याकाळची वेळ होती. मी म्हणालो, एक दिवस खानावळ बंद ठेव. ती म्हणाली, "पोरांच्या बी परीक्षा हायेत, उपाशी ठिवू? दत्तू काय, घरात रोजच गातोय. फुडच्या येळंला येईन." मी एकटा गेलो. सांगायला परत आलो तर ती तवा घासत होती. म्हणाली, "लोकं गप बसली व्हती का?" मी म्हणालो, गप होती. "मग झालं."

पुढची वेळ आली नाही. दत्तू कॉलेजात लागला, आणि हिला खोकल्यानं धरलं. दीड महिना अंथरुणावर होती. तुम्हाला कार्ड टाकलं. एकही आला नाही. शेजारची एक मासी, म्हणजे तिकडची मावशी, मात्र रोज दुपारी यायची, हिचे केस विंचरायची. दोघींना एकमेकींचं निम्मंच कळायचं. मी गिरणीत असताना सोना त्या मासीच्या मांडीवर गेली.

आपल्या मुळा नदीच्या पाण्यात सोडा, एवढंच तिनं मागितलं होतं, म्हणून राख घेऊन आलो. दहाव्याला मात्र तुम्ही सगळे आलात. पांढऱ्या टोप्यांनी नदीचा काठ भरला. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, खाली एक उतरेना. मग तुमची वचनं सुरू झाली. कोणी म्हणालं, दत्तूचं लगीन करतो. कोणी म्हणालं, नामाला एकटं पडू देत न्हाई. कावळा हलला नाही. अप्पा पुढं आला, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "सोने, तुझा दत्तू रेडिओवर गातो. गावात त्याचा सत्कार करतो, देवळात गाणं ठिवतो. शिव आता."

कावळा उडून पलीकडं गेला.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तिचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं. पण मेलेल्या बाईला पोराचं मंचावरचं गाणं ऐकवीन, असं वचन कोणत्या तोंडानं द्यायचं? शेवटी भटजीनं दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला, आणि तुम्ही जेवायला उठलात.

अप्पा जेवताना म्हणाला, "राग धरून काय मिळतंय नामा? आमी काय परकं हाय?"

मी म्हणालो, "न्हाई. परकी मानसं आजारात आली व्हती."

आता सत्काराची तारीख विचारणारं तुमचं पत्र आलंय. दत्तूनं ते माझ्या हातात दिलं, म्हणाला, आबा, तुम्ही सांगाल तसं. तो येणार नाही. गाव म्हटलं की तुम्हाला खाचरं दिसतील, देऊळ दिसेल. माझ्यासारख्या बाहेर पडलेल्यांनाही तेच दिसत असेल. मला नाही दिसत. माझं गाव वीतभर पाणी उरलंय, जिथं तिला सोडलं तेवढंच. माझी राख दत्तू तिथंच आणील. मी तुमच्याकडं येणार नाही, तिच्याकडं येईन. तेव्हा काठावर जमू नका. माझ्यासाठी कावळ्याला कोणी वचन दिलेलं मला नको.